अंधार, बर्फ आणि दीड इंची पाइप

मे महिन्यात पालघरजवळच्या कोळगावातल्या कुठल्याही गच्चीवरच्या काळ्या टाकीत दुपारी हात घातला, तर चटका बसतो. संध्याकाळी नळाला येणारं पाणीही कोमटच असतं. आंघोळीला ते चालून जातं, फोटोच्या फिल्मला चालत नाही. कृष्णधवल फिल्म धुण्याचे तक्ते इल्फर्डचे असोत की कोडॅकचे, त्यांत पायाभूत तापमान एकच दिलेलं असतं : 20 अंश सेल्सिअस. थंड मुलखातल्या लोकांना तिथवर पोचायला पाणी थोडं ऊन करावं लागतं. पालघरच्या किनारपट्टीवर जानेवारीतल्या काही सकाळी सोडल्या, तर वर्षभर ते गार करावं लागतं.

म्हणून घरी शीट फिल्म धुण्याची पद्धत निवडायची, तर आधी पाण्याकडे आणि घरातल्या अंधाराकडे पाहावं. पुस्तकांतल्या मोठ्या नावांकडे नंतर वळता येतं.

शीट फिल्म म्हणजे रोल नव्हे, सुटा तुकडा. जुन्या स्टुडिओवाल्यांची ‘कट फिल्म’ हीच. शाळेच्या ग्रुप फोटोला तिपाईवर मोठा लाकडी कॅमेरा लावून काळ्या कापडात डोकं खुपसणारा फोटोग्राफर पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. त्याच्या कॅमेऱ्यात आधी काचेची प्लेट असे, पुढे तिच्या जागी ही फिल्म आली. आज हौशी लोक जी वापरतात ती बहुधा चार बाय पाच इंचांची असते, थोडे जण आठ बाय दहाची. चार बाय पाचच्या चार शीटचं क्षेत्रफळ एका आठ बाय दहाच्या शीटइतकं, आणि साधारण छत्तीस फोटोंच्या एका रोलइतकंही. रसायनाचा हिशेब करताना हे प्रमाण फार उपयोगी पडतं.

मोबाइलच्या काळात हा खटाटोप करायचा कशाला? एक कारण कोळगावातच उभं आहे. सिडकोने बांधलेलं आणि ऑगस्ट 2021मध्ये उद्घाटन झालेलं पालघर जिल्हा मुख्यालय साध्या कॅमेऱ्याने जवळून टिपलं, तर उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलल्यासारखी दिसते. भात्याच्या कॅमेऱ्यात भिंग तेवढं वर सरकवता येतं. फिल्म इमारतीला समांतर राहते आणि रेषा सरळ येतात.

दुसरं कारण धुण्याशी जोडलेलं आहे. रोलवरचे छत्तीस फोटो एकाच पाण्यातून काढावे लागतात, शीट मात्र एकेक वेगळी धुता येते. जुलैत केळव्याच्या किनाऱ्यावर ढगाळ, सपाट उजेडात घेतलेल्या फोटोला डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, थोडा जास्त वेळ दिला की काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढतो. शिरगावच्या किल्ल्यात एप्रिलच्या भर दुपारी टिपलेल्या फोटोला वेळ कमी दिला की पांढरी जळालेली भिंत ताब्यात येते. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्सने ज्या झोन पद्धतीचा आयुष्यभर प्रसार केला, तिचा अर्धा डोलारा या एका सोयीवर उभा आहे. पद्धत निवडताना ही सोय हातची जाऊ देऊ नये.

घरात फिल्म धुणं महाराष्ट्राला नवं नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याआधी दादासाहेब फाळके यांनी लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यावर रोपाच्या वाढीची चिमुकली फिल्म केली होती, आणि तिचं सगळं काम दादरच्या घरातच झालं. कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती अंधारात, हाताने यंत्र फिरवून पाडावी लागत. सरस्वतीबाई फाळके हे काम करत, शिवाय रसायनं कालवण्यात आणि फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. दिवसा घरचं आणि युनिटचं रांधायचं, रात्री फिल्म हाताळायची, असा तो संसार होता. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे 3,700 फूट. चार बाय पाचची एक शीट धुताना धास्तावणाऱ्या माणसाने हा आकडा ध्यानात ठेवावा.

त्याही आधी, 1854मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक. त्या काळातली कोलोडियनची काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, ओली असतानाच धुवावी लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात हे करणाऱ्यांना थर्मामीटरचं महत्त्व कुणी सांगायची गरज नव्हती.

आता अंधार. सिनेमातल्या डार्करूममध्ये लाल दिवा लागलेला असतो, त्यामुळे तो सगळीकडेच चालतो असा गैरसमज आहे. तो चालतो प्रिंटच्या कागदाला. आजची नेहमीची कृष्णधवल फिल्म पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग ‘पाहणारी’ असते, लालसुद्धा. तिला मिट्ट काळोखच लागतो. घरातली न्हाणी रात्री नऊनंतर बरीच काळी असते, पण डासांच्या मशीनचा लाल ठिपका, वायफायचा हिरवा दिवा आणि मनगटावरचं घड्याळ हे तिघे घात करतात. दार लावून दहा मिनिटं नुसतं बसावं. तेवढ्या वेळात डोळे सरावतात आणि दाराखालची फट, झडपेतली चीर आपोआप दिसू लागते. जिथून उजेड दिसेल तिथे जाड काळं कापड किंवा चिकटपट्टी लावावी.

धुण्याची सगळ्यात जुनी आणि स्वस्त पद्धत ट्रेची. तीन उथळ ट्रे शेजारी शेजारी मांडायचे : डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा स्टॉप आणि चित्र पक्कं करणारा हायपो, म्हणजे फिक्सर. स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे ट्रेही चालतात, फक्त ते पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचे नाहीत. एका वेळी एकच शीट असेल तर ट्रेसारखी दुसरी सोपी गोष्ट नाही. शीट पाण्यात भिजवावी, डेव्हलपरमध्ये सरकवावी आणि ट्रेचा एकेक कोपरा आळीपाळीने हलकेच उचलत राहावं. एडवर्ड वेस्टनसारखा कलावंत ट्रेमध्येच आपल्या निगेटिव्ह धूत असे.

शीट वाढल्या की ट्रेचा स्वभाव बदलतो. चार-सहा शीट एकदम असतील तर पत्त्यांच्या गड्डीसारखी खालची काढून वर ठेवत राहावं लागतं. ओल्या फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर नखाने खरवडतो, आणि शेजारच्या शीटच्या टोकदार कोपऱ्यानेही. पाणी कोमट असेल तर थर आणखी मऊ पडतो आणि हा धोका वाढतो. त्यात मे महिन्यात पंखा नसलेल्या बंद न्हाणीत, काळोखात, तेरा मिनिटं वाकून उभं राहायचं. कपाळावरचा घाम थेट ट्रेत पडतो. एकदोन शीटसाठी ट्रे उत्तम, पण गड्डी पिसण्याचा प्रकार इथल्या हवेत नवशिक्याने टाळावा.

दुसरी पद्धत हँगरची. स्टीलच्या चौकटीत शीट अडकवायची आणि उभ्या टाकीत सोडायची. ठरावीक वेळाने चौकट उचलायची, तिरकी करून निथळू द्यायची, पुन्हा बुडवायची. गावोगावच्या एक्स-रे केंद्रांत डिजिटल यंत्रं येण्याआधी फिल्म अशाच धूत. वेल्डिंगचे सांधे तपासणारी औद्योगिक रेडिओग्राफीही याच रीतीवर वाढली. बॉयलर, दाबाच्या टाक्या आणि पाइपलाइनी असलेल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात हँगर कशाशी खातात हे जाणणारा माणूस शोधला तर सापडेल, भंगारात एखादी जुनी टाकीही मिळून जाईल.

हँगरची अडचण रसायनाची. चार बाय पाचची लहान टाकीसुद्धा दीड-दोन लिटर डेव्हलपर गिळते, आणि टाक्या लागतात तीन. दिवसाला डझनावारी शीट धुणाऱ्या स्टुडिओला हा व्यवहार परवडे, कारण तिथे डेव्हलपर फेकून न देता त्यात भर घालत महिनोन्महिने चालवत. महिन्याला सहा शीट काढणाऱ्याच्या घरी तोच डेव्हलपर हवेने तपकिरी होऊन वाया जातो. चौकट जोराने हलवली तर कडेने पट्टे पडतात, ते वेगळंच.

एक्स-रेचा विषय निघालाच आहे तर एक फायद्याची वाट सांगायला हवी. भारतात एके काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म मिळे. 1960मध्ये स्थापन झालेला तो सरकारी कारखाना बंद पडला. आता इंग्लंडची इल्फर्ड, अमेरिकेची कोडॅक किंवा चेक प्रजासत्ताकाची फोमा मागवावी लागते, आणि एकेक शीट जपून वापरावी लागते. वैद्यकीय एक्स-रे फिल्म तुलनेने फार स्वस्त पडते, तीही आठ बाय दहाच्या मापात मिळते आणि कापून लहान करता येते. हिरवा उजेड ओळखणाऱ्या एक्स-रे फिल्मला लाल दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी खरोखरच मंद लाल दिवा लावता येतो आणि चित्र उमटताना डोळ्यांनी पाहता येतं. नवशिक्याला याहून चांगली शाळा नाही. मात्र तिच्या दोन्ही बाजूंना थर असतो, त्यामुळे ओरखडे दुप्पट. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवली की ते बरेच टळतात. चित्रात लाल वस्तू काळ्या पडतात, आकाश पांढरंफटक येतं, आणि फरक भडक असल्यामुळे डेव्हलपर पातळ करून वापरावा लागतो.

तिसरा वर्ग बंद टाक्यांचा. शीट अंधारात भरायची, झाकण लावायचं आणि पुढचं सगळं दिव्याखाली करायचं. पॅटरसनच्या तीन रोलच्या टाकीत बसणारा मॉड54 नावाचा सांगाडा सहा शीट धरतो आणि त्याला सुमारे एक लिटर द्रावण लागतं. एसपी-445 ही चपटी टाकी चार शीट घेते आणि अर्ध्या लिटरच्या आत भागवते. जर्मनीच्या जोबोचे ड्रम यंत्रावर फिरतात, काम अतिशय एकसारखं होतं, पण यंत्र, टपाल आणि सीमाशुल्क मिळून जो आकडा होतो त्यात फिल्मचे कितीतरी डबे येतील. बंद टाकीची सोय निर्विवाद आहे. पण टाकीतल्या सगळ्या शीटना वेळ एकच मिळतो. म्हणजे केळव्याची ढगाळ शीट आणि शिरगावची उन्हातली शीट एकाच टाकीत घातल्या, तर शीट फिल्मचा निम्मा फायदा गेला. शिवाय खाचांत शीट सरकवण्याचा सराव आधी उजेडात, वाया गेलेल्या शीटवर करावाच लागतो.

इथे दीड इंची पाइप कामाला येतो.

अमेरिकेत फिल डेव्हिस यांच्या ‘बियाँड द झोन सिस्टिम’ या पुस्तकाच्या नावाने अशा नळ्या विकल्या जातात, पण त्यामागचा हिशेब शाळेतला आहे. दीड इंच आतला व्यास म्हणजे साधारण 12 सेंटिमीटरचा परीघ. शीटची लहान बाजू 10 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे शीट गोल वळून आतल्या भिंतीला टेकते आणि तिच्या कडा एकमेकींवर चढत नाहीत. पालघर किंवा बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचे सहा-सहा इंचांचे तुकडे कापून आणायचे. एका टोकाला सोल्युशन लावून टोपण कायमचं बसवायचं, दुसऱ्या टोकाला आट्यांचं. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर ओरखडा तिथेच पडतो. मोबाइलचा टॉर्च पाइपच्या तोंडाशी धरून अंधारात बघायचं, पाइप उजळताना दिसला तर बाहेरून काळी टेप गुंडाळायची.

वापर असा : अंधारात शीट पाइपमध्ये घालायची, थराची बाजू आत. ती ओळखायला शीटच्या कडेला खाचा असतात. शीट उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की थर आपल्याकडे असतो. आधी साधं पाणी घालून भिजवायची, ते ओतून सुमारे 100 मिलिलिटर डेव्हलपर घालायचा, टोपण लावायचं, पाइप लगेच आडवा करून पाण्याच्या टबात फिरवत राहायचं. टोपण बसलं की दिवा लावायला हरकत नाही. वेळ भरत आली की पुन्हा अंधार, आणि शीट स्टॉपच्या ट्रेत. तिथून ती हायपोत गेल्यावर काही मिनिटांनी दिवा लावता येतो. फिल्मच्या पाठीवरचा रंग पाइपच्या भिंतीला चिकटलेल्या जागी राहू शकतो, म्हणून हायपो आणि धुणं ट्रेतच करावं.

तीन पाइप असले की तीन शीटना तीन वेगळ्या वेळा देता येतात. इल्फर्डची एचपी5 प्लस ही फिल्म आयडी-11 या डेव्हलपरमध्ये, तो आणि पाणी समसमान घेऊन, 20 अंशांना 13 मिनिटं घेते. सतत फिरवत असल्यामुळे त्यातले सुमारे पंधरा टक्के कमी करायचे, म्हणजे 11 मिनिटं. ढगाळ शीटला त्याहून थोडं जास्त, उन्हातल्या शीटला थोडं कमी.

टबाचा मुख्य उपयोग मात्र तापमानाचा. तापमान एक अंश वाढलं की वेळ ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटतो. या हिशेबाने 27 अंशांना 11 मिनिटांचं काम साडेपाचाच्या आतबाहेर उरकतं, आणि वेळ पाच मिनिटांखाली गेला की डाग पडण्याची भीती वाढते. पाइपमधलं द्रावण एवढंसं असतं की नुसत्या तळहाताच्या उबेने तापतं, म्हणून पाइप पाण्याखालीच फिरवायचा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पिशवीत बांधून टबात सोडायचा. याहून सोपा उपाय लग्नकार्यात आणि कार्यालयांत पोचवला जाणारा थंड पाण्याचा जार. त्यातलं गार पाणी आणि नळाचं पाणी मिसळून थर्मामीटरवर वीस गाठायचे. पाइप, स्टॉप आणि हायपो तिन्ही साधारण त्याच तापमानाला असावेत. एकातून दुसऱ्यात जाताना मोठी उडी झाली तर थराला बारीक सुरकुत्या पडतात.

तयार डेव्हलपर न मिळाल्यास कोडॅकचा डी-76 घरी बनवता येतो. त्याचं सूत्र उघड आहे : एका लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, बोरॅक्स म्हणजे टाकणखार 2 ग्रॅम. पालघरहून चर्चगेट लोकल पकडून मरीन लाइन्सला उतरलं की प्रिन्सेस स्ट्रीटचा रसायनबाजार पायी अंतरावर आहे. पाणी पन्नास अंशांपर्यंत गरम करून आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सगळं, हा क्रम मोडायचा नाही. सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळायला कुरकुरतं. दोन ग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही, सोनाराकडे असतो तसा बारीक काटा हवा. मेटॉलने काहींच्या हाताला खाज आणि पुरळ येतो, तेव्हा हातमोजे हवेतच. स्टॉपसाठी किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर तिप्पट पाणी घालून चालतं.

धुवायला तासभर नळ सोडून ठेवायची गरज नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांच्या शेजारी तसं करणं शोभतही नाही. झटपट फिक्सर वापरला असेल तर इल्फर्डने सांगितलेल्या रीतीने तीनदा पाणी बदलून, पहिल्यांदा पाच, मग दहा, मग वीस वेळा हलवलं की पुरतं. बोअरचं पाणी वाळताना पांढरे ठिपके सोडतं, म्हणून शेवटची बुडी बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात द्यावी. नंतर कपड्याच्या चिमट्याने एका कोपऱ्याला टांगून ठेवावं, पंखा न लावता. पावसाळ्यात वाळायला रात्र जाते, ती जाऊ द्यावी.

तेव्हा कोळगावच्या घरापुरता निवाडा असा : पहिल्या काही शीट एक्स-रे फिल्मच्या, ट्रेमध्ये, लाल दिव्याखाली. नंतर खऱ्या फिल्मला दीड इंची पाइप. एका बैठकीत सहापेक्षा जास्त शीट नियमित निघू लागल्या, तरच बंद टाकीचे पैसे घालावेत. हँगर स्टुडिओवाल्यांना लखलाभ.

राहता राहिला वापरलेला हायपो. फिल्मवरची उजेड न लागलेली चांदी त्यात उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक ठरते. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली, त्या परिसरात तरी बाटलीभर हायपो ओढ्यात किंवा शोषखड्ड्यात ओतू नये. कॅनमध्ये साठवावा. एक्स-रे केंद्रांकडून वापरलेला हायपो आणि जुन्या फिल्म चांदीसाठी विकत घेणारे लोक आजही असतात. जवळच्या केंद्रात चौकशी करून कॅन भरला की त्यांच्या हवाली करावा.